स्वस्तातला स्कोप टिकतो का? छर्र्याच्या रायफलवर लावण्याआधी आणि लावल्यावर काय काय तपासायचं

तासगावजवळ माझ्या मामांचं बेदाण्याचं शेड आहे. फेब्रुवारी ते एप्रिल त्याच्यात द्राक्षं वाळत असतात, तेव्हा आत पाय ठेवायची सोय नसते, पण मे संपला की सगळं रिकामं आणि एका टोकापासनं दुसऱ्या टोकापर्यंत सरळ पंचवीस मीटर मोकळे मिळतात, वर सावली, पलीकडं मातीचा बांध. माझी सगळी नेमबाजी तिथंच चालते आणि स्वस्तातल्या स्कोपांची, म्हणजे रायफलवर लावायच्या दुर्बिणींची, मयतंही तिथंच झालीत. माझे दोन, मित्रांचे तीन. त्यातला एक तर आम्ही उगाचच मारला, म्हणजे त्याची काही चूक नव्हती, ते पुढं सांगतो.

"हजार-पंधराशेचा स्कोप चालतो का" हे मला इतक्या लोकांनी विचारलंय की एकदाच सविस्तर लिहून टाकावं म्हटलं. थोडक्यात उत्तर पाहिजे असेल तर, काच कशी आहे ते विसरा. स्वस्त स्कोपची काच आजकाल बरी असते, दुकानात बघितलं की समोरच्या पाटीवरची अक्षरं लख्ख दिसतात आणि माणूस तिथंच भाळतो. खरा प्रश्न एकच आहे, क्रॉसहेअर, म्हणजे आत दिसणारी नेमाची फुली, जिथं सोडलाय तिथंच राहतो का. शंभर छर्रे मारल्यावर, टरेट, म्हणजे नेम वरखाली आणि डावाउजवा सरकवायची गोल बटणं, फिरवून परत आणल्यावर, पत्र्याखाली दुपारी तापल्यावर. ते तपासायला महागडं काही लागत नाही, आलेख कागद, ओळंबा आणि दोन रविवार लागतात.

एक गोष्ट आधीच. हे सगळं ४.५ मिमी म्हणजे .१७७ च्या एअर रायफलसाठी आहे, जी २० ज्यूलच्या आत असली की आपल्याकडं लायसन्सशिवाय मिळते, ओळखपत्र द्या आणि पक्कं बिल घ्या. आणि नेम कागदावरच, पाखरांवर नाही. आणि ज्याला स्पर्धेत उतरायचंय त्यानं स्कोपवर पैसेच घालू नयेत. आपल्या शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यात, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनला ब्राँझ आणलं ना, ते भोकातनं बघायच्या पीप साइटवर, त्या इव्हेंटमध्ये दुर्बीण चालतच नाही. १० मीटर एअर रायफललाही नाही, आणि तिथं मधला दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. आपण बोलतोय ते शेडमध्ये, गच्चीवर, शेतात हौसेनं कागद फोडणाऱ्यांबद्दल.

आधी स्कोप न लावता मारा

हे कुणी करत नाही आणि इथंच सगळा घोळ होतो. नवा स्कोप आला की लगेच चढवायचा, छर्रे इकडंतिकडं गेले की स्कोपला शिव्या. माझा पहिला स्कोप मी असाच परत पाठवला. रिटर्न झाला, पैसे आले, दुसरा मागवला, तोही तसाच. मग कुपवाड एमआयडीसीत लेथवर काम करणारा आमचा एक दोस्त आला, त्यानं रायफल हातात घेतली, नुसती हलवली आणि म्हणाला, "अरे दस्त्याचे स्क्रू ढिल्ले आहेत की तुझे." पुढचे दोन्ही स्क्रू अक्षरशः बोटानं फिरत होते. पहिला स्कोप बिचारा चांगला असणार.

म्हणून, दस्त्याचे सगळे स्क्रू आवळा. मोडून भरायची रायफल असेल तर बॅरल बंद करून आडवी हलवून बघा, बिजागरीत खुळखुळ लागता कामा नये. मग ओपन साइटवर, म्हणजे नळीवरच्या साध्या माशी-खाचेनं नेम धरून, टेकवून, १० मीटरवरनं पाच-पाच छर्र्यांचे पाच ग्रुप मारा, वेगवेगळ्या कागदांवर. एकाच डबीतले छर्रे, डबी मधेच बदलायची नाही. पाच छर्रे जेवढ्यात बसले त्याचं सगळ्यात लांबचं अंतर पट्टीनं मोजून वहीत लिहा. ही तुमच्या रायफलची आणि तुमची लायकी. समजा ओपन साइटवर २० मिमीचा ग्रुप येतोय आणि स्कोप लावल्यावर ३५ चा आला, तर बोलायला जागा आहे. हे आकडेच नसतील तर सगळं हवेतलं बोलणं.

तीन छर्रे मारून "बघ कसला ग्रुप" म्हणणारे भरपूर भेटतील, तीन छर्रे नशिबानं पण एका भोकात जातात.

टेकवून मारताना एक लक्षात ठेवा, स्प्रिंगची रायफल विटेवर किंवा लाकडावर थेट ठेवली की उडते. जुन्या जीन्सचा पाय कापून, एक टोक शिवून, त्यात वाळू भरा आणि दुसरं टोक शिवा, झाली सँडबॅग. त्याच्यावर डावा तळहात आणि तळहातावर रायफल, हलकी, दाबून धरायची नाही. स्प्रिंगरला आवळून धरलं की ती प्रत्येक वेळी वेगळी वागते.

स्प्रिंगर स्कोप का मारते

हे समजलं की खरेदी आपोआप नीट होते. लोकांना वाटतं एअर गनला कसला आलाय धक्का, बारा बोअरची बंदूक झेलणारा स्कोप हिच्यावर आरामात चालंल. उलटं आहे. दारूच्या बंदुकीचा धक्का एकाच दिशेला असतो, मागं. स्प्रिंगरमध्ये पिस्टन पुढं सुटतो तेव्हा रायफल मागं येते आणि लगेच पिस्टन पुढं जाऊन थांबतो तेव्हा रायफल पुढं हिसडा खाते. दोन्हीकडनं धक्के, तेही डोळ्याची पापणी लवायच्या आत. साधा स्कोप मागच्या धक्क्याचा विचार करून बनवलेला असतो, पुढच्या हिसड्याचा नाही.

आत काय असतं ते बघा. बाहेरच्या नळीत एक छोटी नळी असते, तिच्यात भिंगं आणि बऱ्याचदा क्रॉसहेअर. वरचं आणि बाजूचं टरेट त्या आतल्या नळीला दोन बाजूंनी ढकलतात आणि समोरनं एक स्प्रिंग तिला टरेटवर दाबून धरते. संपला खेळ. स्वस्त स्कोपमध्ये पैसा वाचवतात तो इथंच, स्प्रिंग मऊ, भिंगाच्या रिंगा नीट न चिकटवलेल्या, काही ठिकाणी क्रॉसहेअर काचेवर कोरलेला नसून बारीक तार ताणलेली. बाहेरनं हे काही दिसत नाही. माझ्या दुसऱ्या स्कोपचा क्रॉसहेअर तीनशेएक छर्र्यांनंतर हळूहळू तिरका झाला, अधिकाचं चिन्ह गुणाकाराकडं झुकायला लागलं. मी आठवडाभर माझीच मान वाकडी होतीय समजत होतो.

पंपानं हवा भरायची पीसीपी असेल तर हा त्रास जवळजवळ नाही, तिच्यावर मामुली स्कोपही वर्षानुवर्षं चालतात. म्हणून कुणी "माझा तर मस्त चाललाय" म्हणालं की पहिला प्रश्न, रायफल कुठली?

कुठला घ्यायचा

माझं मत ऐकून बऱ्याच जणांचा मूड जातो. कमी पैशात फिक्स ४x३२ घ्या, म्हणजे कायम चारपटच मोठं दाखवणारा, पुढचं भिंग ३२ मिमीचं. झूमवाला नको, लाल-हिरवा दिवा पेटणारा नको, वर लेझर बसवलेला तर अजिबात नको. त्याच पैशात झूमची यंत्रणा घातली म्हणजे दुसरीकडं कुठंतरी कापलंच असणार ना. झूम फिरवल्यावर नेम सरकणं हा स्वस्त ३-९x४० चा जुनाच आजार आहे. हलणारे भाग जितके कमी तितकं बरं. आणि ४x२० वाला, तो बारीक पेनासारखा, रायफलबरोबर फुकट येतो तो, फुकट आला तर पोरांना खेळायला द्या, विकत घेऊ नका.

दुसरी गोष्ट पॅरॅलॅक्स. डोकं किंचित हलवलं की क्रॉसहेअर टार्गेटवर सरकल्यासारखा दिसतो, तो प्रकार. मोठ्या बंदुकांचे स्कोप १०० यार्डाला जुळवलेले असतात आणि आपण मारणार १० ते २५ मीटर. हिशोब करून बघितला तर ४० मिमी भिंगाचा, १०० यार्डाला जुळवलेला स्कोप २० मीटरवर, डोळा अगदी कडेला गेला तर दीडेक सेंटिमीटरची चूक देतो. आपला अख्खा ग्रुपच तेवढा असतो! म्हणून एकतर पुढच्या भिंगावर फिरणारी रिंग असलेला, ज्याला एओ म्हणतात, आणि तोही १० मीटरपर्यंत खाली येणारा घ्या, नाहीतर एअर गनसाठीच कमी अंतराला जुळवलेला फिक्स घ्या. वर्णनात हे लिहिलेलं नसेल तर विक्रेत्याला विचारा, उत्तर गोलमाल आलं तर सोडून द्या.

तिसरं, पाकिटावर स्पष्ट लिहिलेलं पाहिजे की स्प्रिंगवाल्या एअर रायफलसाठी चालतो. लिहिलंय म्हणजे टिकेलच असं नाही, पण न टिकल्यावर भांडायला कागद असतो. मोठ्या परदेशी कंपनीचं नाव आणि किंमत हजार रुपये, असं दिसलं तर ते काय असणार हे वेगळं सांगायला नको.

रिटर्नची मुदत किती दिवस आहे ते घेण्याआधीच बघा, आणि रविवार धरून हिशोब करा. पार्सल फोडताना मोबाईलवर सलग व्हिडिओ काढा. पुढच्या दोन तपासण्या मुदतीच्या आत आणि एकही छर्रा न मारता होतात, म्हणून त्या पहिल्या.

घरी बसल्या बसल्या, पहिल्या दिवशी

कानाशी धरून हलवा. काही खुळखुळलं तर तिथंच परत. पुढनं टॉर्च मारून मागनं बघा, भिंगावर कण, तेलाचे डाग, बोटाचे ठसे आतल्या बाजूला असतील तर जुळणी गडबडीत झालीय. दोन्ही टरेट एका टोकापासनं दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा, क्लिक मोजत. प्रत्येक क्लिक बोटाला वेगळा लागला पाहिजे. मधेच गुळगुळीत पट्टा आला, नाहीतर टोकाजवळ क्लिक वाजतोय पण क्रॉसहेअर हलत नाही असं झालं, तर लिहून ठेवा.

मोजलेले क्लिक अर्धे करून दोन्ही टरेट मधोमध आणा. हे बरोबर झालं का ते बघायची एक भारी युक्ती आहे, कपाटाच्या आरशाला स्कोपचं पुढचं भिंग सपाट टेकवा आणि उजेडात मागनं बघा. क्रॉसहेअर एकाऐवजी दोन दिसतील, एक खरा आणि एक आरशातला. टरेट फिरवत दोघं एकमेकांवर आले की स्कोप मध्यावर आला. झूमवाला असेल तर झूम सगळ्यात कमीवर ठेवा. मधल्या जागेपासनं सगळं सुरू करायचं हे फार महत्त्वाचं आहे, का ते माउंटच्या, म्हणजे स्कोप रायफलवर धरणाऱ्या पकडीच्या, वेळी सांगतो.

मग डोळ्याजवळची रिंग. पांढऱ्या भिंतीकडं बघून क्रॉसहेअर काळा कुळकुळीत दिसेपर्यंत फिरवायची, पण एका वेळी दोन-तीन सेकंदच बघायचं, जास्त बघितलं तर डोळाच जुळवून घेतो आणि आपण फसतो.

आलेख कागदाची तपासणी

माझ्या मते सगळ्यात जास्त कळतं ते हिच्यातनं आणि ही कुणी करत नाही. स्टेशनरीच्या दुकानात मिलिमीटरचा आलेख कागद मिळतो, शाळेचा. तो भिंतीवर चिकटवा, त्याच्यावर दर १० मिमीला मार्करनं जाड रेघा मारा आणि बरोबर २० मीटर टेपनं मोजून स्कोप पक्का बांधा. पक्का म्हणजे पक्का, हातात धरून नाही. आम्ही कुपवाडच्या त्या दोस्ताच्या वर्कशॉपमध्ये माउंट एका लोखंडी पट्टीवर बसवला आणि पट्टी वाईसमध्ये धरली. वाईस नसेल तर जड लाकडी ओंडक्यावर खाच पाडून दोरीनं आवळा, पण टरेट फिरवताना स्कोप हलायला नको.

आता हिशोब. बहुतेक स्कोपवर १/४ एमओए लिहिलेलं असतं. एमओए म्हणजे एका अंशाचा साठावा भाग, १०० मीटरला तो साधारण २९ मिमी भरतो. म्हणजे २० मीटरला ५.८ मिमी आणि एक क्लिक त्याचा चौथा भाग, जवळजवळ दीड मिलिमीटर. डोक्यात ठेवायला सोपं, अंतराचे मीटर गुणिले ७ भागिले १००, तेवढे मिलिमीटर एका क्लिकला. काही स्कोपवर ०.१ मिल असतं, त्यात २० मीटरला एक क्लिक बरोबर २ मिमी.

तर क्रॉसहेअर एका रेघेवर आणा आणि ४० क्लिक वर फिरवा. ५८ मिमी सरकला पाहिजे. ५४ किंवा ६२ सरकला तरी माझी हरकत नाही, त्याचं माप थोडं वेगळं आहे एवढंच, आपण कुठं रोज टरेट फिरवतो. पण सरळ वर जायच्याऐवजी तिरका गेला तर वाईट. आणि ४० क्लिक परत खाली आणल्यावर मूळ रेघेवर नाही आला तर त्याहून वाईट. असं दहा वेळा करा. दहातनं दहा वेळा एक-दीड मिलिमीटरच्या आत परत आला तर स्प्रिंग शाबूत आहे. उजवी-डावीकडं पण तसंच.

बऱ्याच स्वस्त स्कोपमध्ये एक खोड सापडते, फिरवल्यावर लगेच सरकत नाही, अडकून बसतो आणि टिचकी मारली की मग सरकतो. हे रायफलवर झालं तर पहिले चार छर्रे जुन्या जागी आणि पाचवा नव्या जागी. खोड लहान असेल तर इलाज आहे, पाहिजे त्याच्या पाच क्लिक पुढं जायचं, परत मागं यायचं आणि स्क्रूड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीनं टरेटवर दोन हलके ठोके द्यायचे. मोठी असेल तर परत पाठवा, मुदत आहेच.

झूमवाल्यानं क्रॉसहेअर रेघेच्या छेदावर ठेवून झूम ३ पासनं ९ पर्यंत फिरवायचा. छेद सोडून गोल फिरला तर एकाच झूमवर कायम वापरायची तयारी ठेवा. एका मित्राचा तसा होता, त्यानं रिंगेवर ६ वर इन्सुलेशन टेप गुंडाळली आणि दोन वर्षं सुखात वापरला.

माउंट, म्हणजे अर्धं दुखणं

स्कोप खराब म्हणून ज्या तक्रारी येतात त्यातल्या निम्म्याहून जास्त माउंटच्या असतात असा माझा अनुभव. एअर रायफलवर बहुतेक ११ मिमीची डोव्हटेल खाच असते आणि बाजारात पिकॅटिनीचे, म्हणजे खाचा-खाचांच्या रुंद पट्टीवर बसणारे माउंट पण तसेच दिसतात, ते तिच्यावर बसत नाहीत, बसवले तर निसटतात. घेताना बघून घ्या. दोन सुट्या रिंगांपेक्षा स्प्रिंगरला अखंड एकच तुकड्याचा माउंट घ्या, आणि त्याला खाली स्टॉप पिन पाहिजेच. रायफल पुढं हिसडा खाते तेव्हा स्कोप आपल्या जागी राहू बघतो, म्हणजे रायफलच्या हिशोबानं तो मागं घसरत येतो, थेट आपल्या भुवईकडं. रायफलला मागच्या बाजूला पिनसाठी भोक असतं, पिन त्यात उतरली पाहिजे. भोक नसेल तर माउंटच्या मागं वेगळा स्टॉपर लावा.

खाच आणि माउंट पेट्रोलच्या फडक्यानं पुसा, फॅक्टरीचं तेल राहिलं तर कितीही आवळा, घसरणारच. माउंट बसवा, स्कोप ठेवा, वरच्या पट्ट्या सैल लावा. रोज जसा गाल टेकवता तसा डोळे मिटून टेकवा, डोळे उघडा, पूर्ण गोल चित्र दिसेपर्यंत स्कोप पुढंमागं सरकवा. साधारण ८ ते १० सेंटिमीटर अंतर पडतं.

क्रॉसहेअर सरळ करायला गवंड्याचा ओळंबा वापरा. समोर झाडाला टांगायचा, रायफल पाणीपातळीनं सपाट धरायची आणि उभी रेघ दोरीवर जुळवायची. डोळ्याच्या अंदाजानं केलं तर प्रत्येकाचं तिरकंच होतं, माझंही.

आवळताना फुल्लीसारखं, एक इकडचा, मग समोरासमोरचा, थोडं थोडं. रिंगेचे स्क्रू अॅलन कीची लांब बाजू भोकात घालून आखूड बाजू दोन बोटांत धरून आवळा, तेवढं पुरतं. जास्त जोर लावला की नळी चेपते, आतली छोटी नळी अडकते आणि मग लोक म्हणतात क्लिक काम करत नाहीत. दोन्ही बाजूंची फट सारखी राहिली पाहिजे. खालचे, खाच पकडणारे स्क्रू मात्र दमदार आवळायचे. आवळून झालं की बायकोची नेलपॉलिश घ्या, विचारून, आणि माउंट आणि रायफल दोन्हीवर येईल अशी एक बारीक रेघ मारा, स्कोप आणि रिंग यांच्यावर दुसरी. उद्या काय सरकलं याचा पुरावा.

आता ती मधल्या जागेची गोष्ट. मोडून भरायच्या बऱ्याच रायफलींची बॅरल किंचित खाली झुकलेली असते, त्यामुळं स्कोप लावला की छर्रा खालीच लागतो. आपण काय करतो, वरचं टरेट फिरवत फिरवत पार टोकाला नेतो. तिथं गेल्यावर आतली नळी पार टरेटच्या बाजूला आणि स्प्रिंग सैल, तिचा दाबच राहत नाही, मग प्रत्येक धक्क्याला क्रॉसहेअर झोके खातो. चांगला स्कोपसुद्धा इथं वाईट वागतो. म्हणून स्कोप मध्यावर ठेवून १० मीटरवरनं मारून बघा. छर्रा फारच खाली लागत असेल तर टरेटला हात न लावता मागच्या रिंगेत, स्कोपच्या खाली, जुन्या फोटो निगेटिव्हची किंवा कोल्ड्रिंकच्या कॅनची कापलेली पट्टी घाला, एक-दोन थर, त्याहून जास्त नको, नळी वाकते. तरी भागत नसेल तर मागनं उंच असलेला झुकावाचा माउंट मिळतो. माझा सध्याचा स्कोप, जो तीन वर्षं टिकलाय, तो पण पट्टीशिवाय नाचत होता. पट्टी घातली, गप बसला.

झिरो करणं आणि पहिले शंभर छर्रे

झिरो म्हणजे ठरलेल्या अंतरावर क्रॉसहेअर जिथं, छर्रा तिथंच. १० मीटरवर मोठा कागद लावून सुरुवात करा, म्हणजे निदान कुठं लागतंय ते दिसतं. तीन छर्रे, त्यांचा मध्य काढा, पट्टीनं मोजा, क्लिकचा हिशोब करा, एकदाच फिरवा. एकेका छर्र्यामागं धावू नका. मग २० मीटरवर जाऊन बारीक जुळवणी. २० ला झिरो केलं की १० ला छर्रा साधारण सेंटिमीटरभर खाली लागेल, घाबरू नका, स्कोप बॅरलच्या चारेक सेंटिमीटर वर बसलेला असतो म्हणून तसं होतं.

आणि मागं काय आहे ते बघून मारा. आमच्याकडं ओली वाळू भरलेली पोती आणि त्याच्यामागं बांध. पत्रा, दगड, सिमेंटच्या भिंतीवर छर्रा उलटा येतो, चष्मा सगळ्यांनी घालायचा, बघणाऱ्यांनीसुद्धा.

पहिले पन्नास छर्रे झाले की सगळे स्क्रू परत बघा, थोडे ढिले झालेले असतातच. नेलपॉलिशची रेघ तुटलीय का बघा. मग अजून पन्नास. या शंभरात नेम थोडा सरकला तर मनावर घेऊ नका, सगळं बसायला वेळ लागतो. वहीत लिहायला इथनं पुढं सुरुवात करायची.

चौकोन मारून बघायचा

२० मीटर, मोठा कागद, मधे एकच ठिपका. नेम पूर्ण वेळ त्या ठिपक्यावरच. पाच छर्रे मारा. ४० क्लिक वर, पाच छर्रे. ४० उजवीकडं, पाच. ४० खाली, पाच. ४० डावीकडं, म्हणजे आलो परत मूळ जागी, आणि शेवटचे पाच. कागदावर अंदाजे सहा सेंटिमीटरचा चौकोन पडला पाहिजे आणि शेवटचा ग्रुप पहिल्याच्या अंगावर बसला पाहिजे. ४० च क्लिक का, कारण आपला ग्रुपच दोन सेंटिमीटरचा असतो, दहा क्लिक फिरवून फरक कळतच नाही.

शेवटचा ग्रुप पहिल्यापासनं सेंटिमीटरभर लांब पडला तर लगेच निकाल देऊ नका, दुसऱ्या दिवशी परत करा. दोन्ही दिवशी एकाच बाजूला चुकला तर स्कोप. वेगवेगळ्या बाजूला चुकला तर बहुतेक तुम्ही, चहा पिऊन या.

बिघाड कुणाचा, हे कागदच सांगतो

ग्रुप दिवसेंदिवस एकाच दिशेला हळूहळू सरकतोय, ग्रुप मात्र तेवढाच घट्ट आहे, तर माउंट घसरतोय, नेलपॉलिश बघा. कागदावर दोन वेगळे पुंजके पडतायत, तीन इथं आणि दोन तिथं, मधे काही नाही, तर आत काहीतरी दोन जागांत हलतंय, एकतर स्कोपची आतली नळी नाहीतर रायफलची बिजागरी. सगळीकडं सारखं पसरलंय तर छर्रे, धरणं किंवा पॅरॅलॅक्स, स्कोपला उगाच बोलू नका. वरखाली लांबट ग्रुप आला तर आधी रायफलकडं बघा, नव्या रायफलच्या नळीत तेल जळून मधेच एखादा छर्रा जास्त जोरात सुटतो, फट्ट आवाज आणि धूर येतो तो.

तरीही शंका असेल तर शेवटचा उपाय, ज्याच्याबद्दल खात्री आहे असा दुसऱ्याचा स्कोप त्याच माउंटवर लावून मारा, आणि तुमचा त्याच्या रायफलवर. आजार स्कोपबरोबर गेला तर स्कोपचा, रायफलबरोबर राहिला तर रायफलचा. आमचे पाच मेलेले म्हणतोय त्यातला एक असा नंतर जिवंत निघाला, पण तोवर मालकानं रागानं उघडून भिंगं काढली होती आणि पोरांनी त्याच्यानं उन्हात कागद जाळले होते.

उन्हाचं पण एक. कडक उन्हाच्या दिवशी सकाळी साडेसातला झिरो केलेला स्कोप दुपारी दोनला कुठं मारतो ते एकदा बघाच. माझा साधारण अर्धा सेंटिमीटर सरकतो २० मीटरवर, रोज तेवढाच आणि त्याच बाजूला, त्यामुळं मला त्याचं काही वाटत नाही. मनमानी सरकला असता तर वाटलं असतं. उन्हात गाडीच्या काचेखाली मात्र स्कोप कधी ठेवू नका.

पावसाळा

साताऱ्याकडचे, विशेषतः पाटण, जावळी, महाबळेश्वर पट्ट्यातले, यांनी हे नीट वाचा. स्वस्त स्कोपमध्ये नायट्रोजन भरलाय असं लिहिलेलं असतं, पण सील कच्चं असलं की पहिल्याच पावसाळ्यात आतनं वाफ धरतो. वाफ परवडली, बुरशी नाही. भिंगाला आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी लागली की स्वस्त स्कोप साफ करून घेणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. जून ते ऑक्टोबर रायफल फोमच्या कव्हरात बंद ठेवू नका, ओल धरते. स्कोप रायफलवरच राहू द्या, काढला की झिरो गेला, पण भिंगांवर एक सुती पिशवी बांधा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या, ज्या महिन्यातनं एकदा तव्यावर मंद आचेवर गरम करून परत वापरता येतात. भिंग शर्टानं पुसायचं नाही, आधी ब्रशनं धूळ उडवायची आणि मगच चष्म्याचं फडकं.

माझा तो फिक्स ४x३२ आज साधारण चार हजार छर्रे खाऊन बसलाय. काच तशी साधीच आहे, संध्याकाळी सहानंतर त्याच्यातनं काही दिसत नाही, शेजारचा पोरगा त्याचा नवा झगमगीत स्कोप दाखवून मला हसतो. पुढच्या रविवारी त्याला आलेख कागद घेऊन शेडवर बोलावलंय.